बूट दिसले नाहीत का?

अण्णांना कोर्टात विचारलेला एक प्रश्न आमच्या घरात अजून वापरात आहे. कुणी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायला लागलं किंवा समोरचा डबा सोडून वरच्या फळीवर चाचपायला लागलं, की आई म्हणते, "बूट दिसले नाहीत का?" धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा भावजयीला पहिले सहा महिने वाटत होतं, की सासूबाईंचा चपला-बुटांवर काही राग आहे.

प्रश्न सरकारी वकिलांचा होता. "फिर्यादीच्या पायात पोलिसांचे तांबडे बूट होते, ते तुम्हाला दिसले नाहीत का?" अण्णा म्हणाले, "साहेब, तोंड दिसत नव्हतं, बूट कुठले दिसायला?" कोर्टातल्या टायपिस्टने ते आपल्या भाषेत उतरवलं: 'हे म्हणणे खरे आहे की, मी बूट पाहिले नाहीत.'

गोष्ट २००७च्या मे महिन्यातली. आमचं तालुक्याचं गाव, घराला लागून अण्णांची पिठाची गिरणी. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज कधी येणार हे गिरणीवाल्याला नवऱ्यामुलाच्या मुहूर्तासारखं पाठ असायचं, कारण रात्री वीज आली की रात्री दळण. त्या महिन्यात चोरांची आवई उठली होती. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन गस्त घालायची, म्हणजे पारावर पत्ते कुटत बसायची. साडेनऊच्या सुमारास शेजारच्या अंगणातून आरडाओरडा आला. तीन माणसं, टी-शर्टातली, शेजारच्या एकोणीस वर्षांच्या पोराला कॉलरला धरून ओढत होती. कोपऱ्यावर पांढरी जीप, दिवे बंद. पोराची आई त्याच्या कमरेला मिठी मारून फरफटत येत होती. अण्णांनी गिरणीच्या दाराचा लाकडी अडसर उपसला आणि पहिला जो खांदा समोर आला त्यावर घातला. माणूस खाली बसला.

तो पोलीस शिपाई होता. पोराला मोटारसायकल चोरीच्या चौकशीला न्यायला आलेलं पथक होतं. तिसऱ्या दिवशी पोराला सोडून दिलं. अण्णांवर मात्र तीनशे त्रेपन्न लागला, जोडीला दुखापतीचा तीनशे बत्तीस. गावात या कलमाला कुणी नावाने ओळखत नाही; 'सरकारी कामात अडथळा' म्हणतात किंवा नुसता आकडा सांगतात. अण्णा एक रात्र कोठडीत राहिले, दुसऱ्या दिवशी जामिनावर आले आणि आंघोळ करून गिरणीवर बसले. त्या दिवशी दळणाला आलेल्यांपैकी निम्म्यांनी दळणच आणलं नव्हतं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि कंदील घेऊन दारात उभी होते. 'पोलीस' हा शब्द मी ऐकला. अडसर बसायच्या आधी ऐकला की नंतर, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. आमच्या वकीलसाहेबांना मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, तू परीक्षेचा अभ्यास कर." मला साक्षीला बोलावलं नाही.

पुढे मी बँकेत नोकरी केली, कायद्याशी संबंध आला तो तारण आणि वसुलीपुरता. पण हा आधी-नंतरचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि त्या पायी मी सवडीने बरंच वाचत गेले.

वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत अण्णांना पुस्तक उघडून ३५३ दाखवलं होतं. लोकसेवकाला कर्तव्य बजावताना किंवा कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी 'हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग'. (कायद्याच्या मराठीत हल्ला होत नाही, हमला होतो. का कोण जाणे, पण त्यामुळे अडसराला एकदम ऐतिहासिक वजन आलं.) अण्णांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात माहीत असून असं कुठं आहे?" नव्हतंच. कलमाच्या पहिल्या भागात समोरचा लोकसेवक आहे हे मारणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, असा शब्द नाही. समोरचा पोलीस होता, ड्यूटीवर होता, तुम्ही मारलंत. सरळ वाचलं तर तीन घरं भरली आणि कोष्टक पूर्ण झालं.

इंग्लंडमध्ये १८६५ साली नेमकं हेच ठरलं होतं. साध्या कपड्यांतल्या पोलिसावर हात टाकणाऱ्यांचा खटला, फोर्ब्स आणि वेब. न्यायाधीशांचं म्हणणं असं की गुन्हा 'पोलीस आहे हे जाणून मारणं' हा नाही, 'पोलिसाला मारणं' हा आहे. माणूस पोलीस निघाला हे तुमचं नशीब. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ मध्ये फिओला खटल्यात सात विरुद्ध दोन अशा मताने तीच वाट धरली. तिथली माणसं काही बिचारी नव्हती. हेरॉइन म्हणून साखरेचा प्रकार खपवायचा आणि नाही खपला तर गिऱ्हाइकाला लुटायचं, असा बेत. गिऱ्हाईक निघालं केंद्रीय अमली पदार्थ विभागाचं. लुटायलाच निघालेल्याने 'मला वाटलं साधा माणूस आहे' अशी तक्रार करावी, याला न्यायालय हसलं नाही एवढंच. पण त्याच निकालात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. अधिकाऱ्याने आपली ओळख आणि काम सांगितलंच नाही आणि त्याचं वागणं बेकायदा बळजबरीसारखं दिसलं, तर प्रामाणिक चुकीने प्रतिकार करणाऱ्याचा हेतू गुन्हेगारी म्हणता येणार नाही.

आपल्याकडे ही खिडकी नाही, चांगला दरवाजा आहे, आणि तो फोर्ब्स-वेबच्याही तीन वर्षं आधी बसवलेला. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केला, १८६०मध्ये दंडसंहिता झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू. तिच्या ९९व्या कलमात आधी दार बंद केलं आहे: लोकसेवक सद्भावनेने, अधिकाराच्या आधारे काही करत असेल, तर ते काटेकोर कायदेशीर नसलं तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही, मरणाची किंवा जबर दुखापतीची भीती असेल तर गोष्ट वेगळी. आणि खाली, स्पष्टीकरणात, कडी काढून ठेवली आहे: तो लोकसेवक आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं मानायला कारण असेल, तरच तुमचा हक्क जातो. एरवी नाही. आता भारतीय न्याय संहितेत ९९चं ३७ झालं आणि ३५३चं १३२, पण ही कडी जागच्या जागी आहे. आणि हक्क फक्त स्वतःच्या देहाचा नाही, दुसऱ्याच्याही देहाचा आहे. शेजारच्या पोराचासुद्धा.

त्याच्या शेजारच्याच कलमातलं, जुन्या ९८मधलं, एक उदाहरण मी इतक्यांदा वाचलं आहे की त्या पानाला आपसूक घडी पडली आहे. 'क' रात्री एका घरात शिरतो. त्याला तिथे शिरायचा कायदेशीर हक्क आहे. 'य' त्याला घरफोड्या समजतो आणि प्रामाणिकपणे त्याच्यावर चाल करून जातो. 'य' चा काही गुन्हा नाही. पण 'क' लाही 'य'विरुद्ध स्वतःला वाचवायचा तेवढाच हक्क आहे. बस, उदाहरण इथे संपतं. दोघंही बरोबर, दोघांच्याही हातात काठी, आणि मेकॉले पुढच्या कलमाकडे निघून जातो. अंधारात त्या दोघांचं काय झालं हे तो सांगत नाही. मला त्या शिपायाची आठवण येते. तोही पंचविशीचा होता. चोर पकडायला गणवेशात जाऊन चालत नाही. गल्लीच्या तोंडाशी खाकी दिसली की मागच्या परसातून पोरं पसार होतात. त्याला वरून सांगितलं तसा तो आला होता. खांद्याला मुका मार लागला, दाखल्यावर 'साधी दुखापत' लिहिलं, आणि एका गिरणीवाल्याकडून मार खाल्ला म्हणून ठाण्यात त्याची जी टिंगल झाली असेल ती दाखल्यावर लिहीत नाहीत.

इंग्लंडमधला आणखी एक खटला आहे, १९६७च्या निकालसंग्रहातला, केनलिन विरुद्ध गार्डिनर. शाळेची दोन मुलं घरोघर जाऊन संघातल्या पोरांना रग्बीच्या सामन्याची आठवण करून देत होती. साध्या वेशातल्या दोन पोलिसांना वाटलं, ही घरं हेरतायत. त्यांनी हटकलं, ओळखपत्रही दाखवलं. मुलांना काही ते पोलीस वाटले नाहीत. एक पळायला लागला, पोलिसाने दंड धरला, मुलांनी लाथाबुक्क्या घातल्या. खालच्या कोर्टात दोषी, वर सुटले. सुटले ते मात्र ओळखलं नाही म्हणून नव्हे. पोलिसांनी त्यांना अटक केली नव्हती, नुसते प्रश्न विचारायला धरून ठेवलं होतं, आणि तसं धरून ठेवायचा अधिकारच पोलिसांना नव्हता. मला हा निकाल आवडतो, कारण त्यात मुलांच्या डोक्यात काय चाललं होतं हे उकरत बसण्याआधी पोलिसाचा हात कुठे होता ते पाहिलं आहे. अण्णांच्या खटल्यात शेजारच्या पोराला चौकशीला बोलावल्याची नोटीस होती का, अटक होती तर तिचा कागद कुठे, हे आमच्या वकीलसाहेबांनी विचारलं. उत्तर आलं, 'कागद मागाहून केला.'

ओडिशाचा मात्र सगळ्यांहून विलक्षण. १९५८ साल. बालासोर भागातला एक ओसाड विमानतळ, युद्धाचं भंगार पडलेलं, आणि गावात पक्की समजूत की तिथे भुतं फिरतात. कलकत्त्याहून भंगार घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याबरोबर एक नेपाळी नोकर होता. मध्यरात्री तिथून जाताना लांब एक दिवा लुकलुकताना दिसला आणि दिव्याभोवती हलणाऱ्या आकृत्या. तो खुकरी उपसून तुटून पडला. त्या आदिवासी बाया होत्या, कंदील घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. एक बाई गेली, दोघी जखमी झाल्या. सत्र न्यायालयाने त्याला सोडलं, आणि सरकारच्या अपिलावर ओडिशा उच्च न्यायालयाने १९५९ च्या निकालात ती सुटका कायम ठेवली: त्याने जे केलं ते भुतांवर करतोय असं मानून केलं, आणखी काळजी घेतली असती तर हे टळलं असतं, एवढ्यावरून त्याचं संरक्षण काढून घेता येत नाही. वकीलसाहेबांना हा निकाल पाठ होता. ते म्हणायचे, "भुताला मारलं म्हणून सुटतो, तर चोराला मारलं म्हणून का नाही?" युक्तिवाद म्हणून ठीकच. पण मोह वेचणाऱ्या त्या बाईला मी यातून वजा करू शकत नाही. प्रामाणिक समजुतीचा हिशोब असा कुणाच्या तरी अंगावर फिटतो.

अण्णांना पिंजऱ्यातून उतरवून साक्षीदाराच्या जागी उभं करायचं, ही कल्पनाही वकीलसाहेबांचीच. आरोपी स्वतः साक्ष द्यायला सहसा उभा राहत नाही. त्यासाठी त्याला स्वतःहून लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि एकदा उभा राहिला की उलटतपासणी आलीच. पण "मानायला कारण होतं की नव्हतं" हे अण्णांच्या तोंडूनच यायला हवं होतं. सरकारी वकिलांनी त्यांना जवळजवळ तासभर घेतलं. शिपाई 'मी पोलीस आहे' असं ओरडला, हे खरं का? "ओरडला असेल, सगळेच ओरडत होते." केस बारीक कापलेले होते, हे खरं का? "आमच्याकडं उन्हाळ्यात सगळे कापतात." जीपही पोलिसांची होती. "जीपवर पोलीस लिहिलं नव्हतं." मग आले बूट.

उलट शिपायाला आमच्या वकिलांनी एवढंच विचारलं, की ओळखपत्र दाखवलं का. तो म्हणाला, तोंडी सांगितलं. नावाची पट्टी? टी-शर्टवर कुठून असणार? वकीलसाहेबांनी सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल पुढे केला, डिसेंबर १९९६चा: अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसलाच पाहिजे. अकरा अटींतली ती पहिली. २०१०च्या नोव्हेंबरपासून ती फौजदारी प्रक्रिया संहितेतच घातली गेली, आणि आज नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६व्या कलमात आहे. पण आमच्याकडच्या बातमीदारांना विचाराल तर ते अजूनही छापतात, 'साध्या गणवेशातील पोलिसांनी सापळा रचला'. साधा असेल तर गणवेश कसला, आणि गणवेश असेल तर साधा कसा? माझी ही तक्रार भावाला हास्यास्पद वाटते. पण मला वाटतं, की वाक्य असं घसरतं ते उगाच नाही. पोलीस आहे म्हणजे गणवेश असणारच, असं आपण मनाशी धरून चाललेलो असतो.

खटला सात वर्षं चालला. तारखा गिरणीच्या उधारीच्या वहीतच मागच्या पानांवर लिहिलेल्या आहेत, मध्ये कुणाचे तरी पायलीभर जोंधळे आणि मध्येच 'सा. गैरहजर, पुढील ता. १९'. २०१४ मध्ये निकाल लागला. निर्दोष. पण निकालपत्रात शब्द होते 'संशयाचा फायदा देऊन'. अण्णांनी ते वाचून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे संशय आहेच ना अजून?" वकीलसाहेबांनी परोपरीने समजावलं की तो संशय तुमच्यावरचा नाही, सरकार पक्षाच्या पुराव्यावरचा आहे. त्यांना काही ते पटलं नाही. शेवटच्या ओळीत हुकूम होता: जप्त मुद्देमाल, लाकडी दांडा एक, निकामी असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करावा. सात वर्षं गिरणीचं दार आम्ही लोखंडी सळई अडकवून लावत होतो, आणि अण्णांना वाटत होतं की अडसर परत मिळेल. शिसवीचा होता. "निकामी काय म्हणून?" एवढाच राग त्यांनी त्या दिवशी मोठ्याने काढला.

पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती करून ३५३ची शिक्षा दोनावरून पाच वर्षांवर नेली. नव्या संहितेत ती परत दोन झाली. दोन काय नि पाच काय, आमच्या घराला विचाराल तर शिक्षा त्या सात वर्षांची होती.

आणि मग मावशीच्या पाटल्या गेल्या. पुण्यात, सकाळी दहा वाजता, देवळातून परत येताना. मोटारसायकलवर दोघं, साधे कपडे, हातात कार्ड. "मावशी, पुढे चौकात खून झालाय, आम्ही पोलीस आहोत, एवढं सोनं अंगावर घालून फिरू नका." त्यांनीच कागदाची पुडी बांधून दिली, पिशवीत नीट खाली ठेवली. घरी येऊन उघडली तर दोन दगड आणि मूठभर खडी. ही युक्ती इतकी जुनी आहे की पोलीस तिच्याबद्दल फलक लावतात. चौकीत ठाणे अंमलदार तिला म्हणाले, "अहो, कुणीही उठतं आणि पोलीस आहे म्हणतं. तुम्ही विश्वास ठेवलात कसा?" मी तिच्याबरोबर होते. मला अण्णांची तासभराची उलटतपासणी आठवली, जिचा सगळा रोख एकच होता: त्याने पोलीस आहे म्हटलं, तर तुम्ही विश्वास ठेवला का नाहीत?

लंडनमध्ये हे दोन्ही प्रश्न एकाच खटल्यात येऊन बसलेले आहेत. १९८३चा निकाल, विल्यम्सचा. एका माणसाने बाईची पर्स हिसकावणाऱ्या पोराला धरलं होतं आणि तो त्याला झोडपत होता. बसमधून विल्यम्सने पाहिलं, उतरला, विचारलं काय चाललंय. तो म्हणाला, मी पोलीस आहे, याला अटक करतोय. विल्यम्स म्हणाला, ओळखपत्र दाखवा. त्याच्याकडे नव्हतं, कारण तो पोलीस नव्हताच. चांगल्या कामासाठी खोटं बोलत होता. विल्यम्सने त्याला ठोसा मारला. वरच्या न्यायालयाने विल्यम्सला सोडलं: त्याच्या डोळ्यांना परिस्थिती जशी दिसली तशी धरूनच त्याला तोलायचं, त्याची समजूत मनापासूनची होती की नाही एवढं पाहायचं, समंजस होती का हे त्यापुढचं. आपला कायदा एवढा सैल नाही. आपल्याकडे 'सद्भावना' म्हणजे योग्य ती काळजी आणि सावधगिरी घेतलेली हवी. पण विल्यम्सने विचारलेला प्रश्न मला कायद्यापेक्षा मोठा वाटतो. अण्णांना तो विचारायला वेळच नव्हता, मावशीला सुचला नाही. भर रस्त्यात, ठोसा मारण्याआधी, तो म्हणाला: कार्ड दाखवा.

मीही विचारला, गेल्या पावसाळ्यात. संध्याकाळी सात वाजता बेल वाजली. दाराला साखळी लावून फटीतून पाहिलं. पस्तिशीचा माणूस, भिजलेला रेनकोट, "ताई, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला आलोय." मी कार्ड मागितलं. त्याने मोबाइलच्या कव्हरमागून काढलं, दाखवलं आणि परत घालायला लागला. मी म्हटलं, नीट बघू द्या. त्याने निमूट फटीतून आत दिलं. मी दिव्याखाली धरलं. फोटो होता, तीन सिंह होते, सही होती, लॅमिनेशनच्या कोपऱ्यातून पाणी शिरून हुद्द्याची शाई पसरली होती. मी ते उलटंसुलटं केलं. एवढी वर्षं या विषयावर वाचत आले, पण पोलिसाचं ओळखपत्र मी कधी पाहिलंच नव्हतं. कशाशी ताडून बघायचं?

"कोण आहे गं?" आईने आतून विचारलं.

"पोलीस म्हणतायत."

"पायात काय आहे बघ."

मी खाली पाहिलं. रबरी सँडल होत्या, पावसाळी. त्यानेही माझ्या नजरेबरोबर खाली पाहिलं आणि काही न कळून पाय जरा मागे घेतले. मी त्याच्या हातातला कागद मागून माझ्या अर्जाचा नंबर फोनमधल्या नंबराशी एकेक आकडा करून जुळवला. तोवर तो जिन्यात उभा राहून रेनकोट झटकत होता.

नंबर जुळला. मी साखळी काढली.